पोपटी गाडी

"टोकन दिलं का गं त्यानं? दिलं नसेल तर थांब म्हणावं जरा."

भाच्यानं गच्चीवरून मित्राला फोनवर सांगितलेली गोष्ट मला कळायच्या आधी शेजारच्या काकूंना कळली होती. आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. विरजणाच्या वाटीपासून सोयरिकीपर्यंत सगळं तिच्यावरून इकडचं तिकडं होतं. तर बातमी अशी, की सांगलीत शंभर फुटी रोडला एका शोरूममध्ये आमच्या भाच्याला मोटरसायकल दाखवली. नवी कोरी, सीटवरचं प्लॅस्टिकही अजून निघालेलं नाही. सेल्समननं आवाज खाली आणून सांगितलं, "फक्त तुमच्यासाठी पंधरा हजार कमी करतो. पण आजच्या आज ठरवा."

"ह्याच्यासाठी कशाला कमी करेल तो? तुम्ही काय त्याला मुलगी दिलीय?" काकू म्हणाल्या. "पडून असणार गाडी. रंग कोणता आहे?"

"पोपटी."

"मग झालंच की!"

काकूंना यातलं कळतं ते काकांमुळे. काका निवृत्त होईपर्यंत दुचाकीच्या एका एजन्सीत हिशेब लिहीत होते. कुठली गाडी गोदामात किती दिवस उभी आहे, हे मालकाच्या आधी त्यांना ठाऊक असायचं आणि त्यांच्या पाठोपाठ काकूंना. दुसऱ्यांच्या घरी रात्री जेवताना सुना-जावयांचे विषय निघतात, तसे यांच्याकडं न खपलेल्या गाड्यांचे निघायचे.

काका झोपाळ्यावर पेपर वाचत होते. म्हणजे पेपर हातात होता, कान भिंतीकडं. "आपल्या भागात काळी खपते," ते तिथूनच म्हणाले. "काळ्यावर लाल पट्टा असला तर डोळे झाकून. पोपटी, पिवळी, ती मधे एक चॉकलेटी आली होती, त्या कॉलेजची पोरं बघून जातात आणि बापाला घेऊन आली की काळी घेतात."

"मग शोरूमवाले मागवतात कशाला?"

"मागवतंय कोण? येते ती." काकांनी पेपर खाली ठेवला. आता तासाची निश्चिंती. "महिना संपत आला की कंपनीच्या एरिया मॅनेजरचा फोन. टार्गेटला थोडं कमी पडतंय, तेवढे चाळीस नग उचला. मालक म्हणायचा, अहो, गोदामात पाय ठेवायला जागा नाही. तो म्हणायचा, बरं राहू दे, मग दसऱ्याला काळी मागायला येऊ नका. चाळीस नग यायचे. त्यातल्या पंधरा काळ्या आणि उरलेलं सगळं इंद्रधनुष्य."

काकांनी त्या दिवशी एक गोष्ट सांगितली, ती मला आजवर ठाऊक नव्हती. दर महिन्याच्या एक तारखेला पेपरात छापून येतं, की अमुक कंपनीनं गेल्या महिन्यात इतके लाख गाड्या विकल्या. मला वाटायचं, तेवढ्या लोकांच्या दारात तेवढ्या गाड्या आल्या. तर तसं नाही. कारखान्याच्या गेटातून कंटेनर बाहेर पडून डीलरच्या नावावर बिल फाटलं, की कंपनीच्या हिशेबानं ती गाडी विकली गेली. 'सियाम' ही वाहन कंपन्यांची संघटना जे आकडे देते, तेही असे डीलरकडं रवाना केलेल्या मालाचेच. २०१८-१९ मध्ये देशात दोन कोटी दहा लाखांवर दुचाकी विकल्या गेल्या, असा उच्चांक तेव्हा सांगितला गेला ना, तोही असाच. माणसानं खरोखर घेतलेल्या आणि आरटीओत नोंदलेल्या गाड्या मोजायच्या तर सरकारच्या 'वाहन' प्रणालीवर जावं लागतं. डीलर मंडळींची संघटना 'फाडा' दर महिन्याला तिथले आकडे काढून जाहीर करते.

"आता या दोन आकड्यांच्या मधे जी गाडी असते ना," काका म्हणाले, "ती आमच्या गोदामात असते. कंपनीच्या लेखी विकलेली, सरकारच्या लेखी जन्मालाच न आलेली."

"फाडावाले म्हणतात, एकवीस दिवस पुरेल एवढाच स्टॉक असावा," ते पुढं म्हणाले. "आमच्याकडं श्रावण संपताना दोन-दोन महिन्यांचा असायचा. दसऱ्याला खपेल म्हणून भरायचा. आणि मग पाऊस लांबला, की बस बोंबलत."

सांगली-मिरजेकडं गाडी खपते ती एक तर मुहूर्तावर, नाही तर उसाच्या बिलावर. कारखान्यानं पहिली उचल वेळेवर दिली तर खेड्यातून शोरूमला जत्रा येते, आणि बिल अडकलं तर सेल्समन दारात माश्या मारत बसतो. आषाढात कुणी घेत नाही, पितृपक्षात तर कुणी शोरूमच्या बाजूनं बघतही नाही. २०२५ चंच बघा ना. पंधरा ऑगस्टच्या भाषणात पंतप्रधानांनी जीएसटी कमी करणार म्हणून सांगितलं, तीन सप्टेंबरला परिषदेनं ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आणला आणि अंमल ठेवला २२ सप्टेंबरपासून. म्हणजे घटस्थापनेपासून. मधे पितृपक्ष. एवढे दिवस शोरूममधली गाडी कोण घेणार? जो तो थांबला. घटस्थापनेला हीच झुंबड.

"पण थांबेपर्यंतचं व्याज कोण भरतं?" काका म्हणाले आणि हवेत बोटानं आकडे लिहायला लागले. खरं सांगते, त्यांना हिशेबाला कागद लागत नाही. "समज, गाडी डीलरला नव्वद हजाराला पडली. पैसे कंपनीला आधी. उधारी नाही. ते येतात बँकेकडून. वर्षाला अकरा टक्के धर. किती झाले? नऊ हजार नऊशे. महिन्याला सव्वाआठशे. समज, एका गाडीमागं डीलरला पाच हजार सुटतात. सहा महिने गाडी उभी राहिली की ते पाच हजार बँकेच्या घशात. त्याच्या पुढं रोज उभ्या उभ्या ती मालकाला खाते. गोदामाचं भाडं, विमा आणि धूळ पुसणाऱ्या पोराचा पगार मी अजून धरलेलाच नाही."

"म्हणजे भाच्याला पंधरा हजार कमी केले ते?"

"सव्वाआठशेनं भाग. दीड वर्षाचं व्याज झालं. ते पैसे त्याचे गेलेलेच आहेत. आता त्याला मुद्दल सोडवायचंय. दान वगैरे काही नाही."

मला त्या शोरूमवाल्याची जरा कीव आली. काकूंना तेवढ्यावरूनच कळलं. "कीव करू नकोस. त्या लोकांनी आमच्या बहिणीचं आणि माझं बोलणं बंद केलं होतं, विसरलीस का?"

हा विषय निघणार हे मला माहीत होतं. २०१७ चा पाडवा. २८ मार्च, मंगळवार. काकूंच्या बहिणीच्या मुलानं मुहूर्त साधून स्कूटर घेतली. पूर्ण किंमत, वर नारळ, हार, पेढे, सीटवर कुंकवाचं स्वस्तिक. दुसऱ्याच दिवशी, २९ मार्चला, सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती मदन लोकूर आणि दीपक गुप्ता यांनी आदेश दिला, की प्रदूषणाच्या जुन्या, बीएस-तीन निकषाची गाडी १ एप्रिलपासून विकायचीही नाही आणि नोंदवायचीही नाही. देशभरात कंपन्या आणि डीलर यांच्याकडं मिळून अशा ८ लाख २४ हजार गाड्या पडून होत्या. त्यात ६ लाख ७१ हजार दुचाकी. हातात दोन दिवस.

मग जे झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. हिरोनं साडेबारा हजारांपर्यंत सूट जाहीर केली, होंडानं बावीस हजारांपर्यंत. शटर उघडायच्या आधी दारात रांगा. लोक सकाळी चहा न पिता पैसे घेऊन निघाले. कुणी एकाच्या दोन घेतल्या, एक मुलीच्या लग्नात द्यायला म्हणून. रंग कुणी विचारला नाही. वर्षभर अंगाला धूळ लावून बसलेल्या गाड्या त्या दोन दिवसांत दागिन्यासारख्या गेल्या. ३१ तारखेच्या आत बिल फाटलं पाहिजे, म्हणून काकांना जेवायला घरी यायला सवड नव्हती. काकू डबा घेऊन गेल्या तर काउंटरपर्यंत पोचता येईना, डबा डोक्यावरून हातोहात आत गेला.

आणि काकूंच्या बहिणीच्या मुलाच्या शेजाऱ्यानं शुक्रवारी तीच स्कूटर घेतली. तोच रंग. वीसेक हजार कमी देऊन. रोज सकाळी दोन्ही गाड्या एकमेकींशेजारी उभ्या.

"बहीण अजून म्हणते, तुझ्या नवऱ्याला आधीपासून माहीत असणार."

"मला काय सुप्रीम कोर्टानं फोन केला होता?" झोपाळ्यावरून उत्तर आलं. हे उत्तर ते गेली कित्येक वर्षं देत आहेत आणि बहिणीला ते अजून पटलेलं नाही.

त्यातूनही ज्या उरल्या, त्यांतल्या काही कंपन्यांनी परत घेऊन जिथं जुने निकष चालतात अशा देशांत पाठवल्या. पण एकदा पोळल्यावर शहाणं व्हावं की नाही? पुढच्या वेळेला तर कोर्टानं भरपूर आधी सांगितलं होतं. २४ ऑक्टोबर २०१८ लाच निकाल झाला, की १ एप्रिल २०२० पासून बीएस-चार विकायची नाही. दीड वर्ष हातात. सगळ्यांनी गणित मांडलं, की २०२० चा पाडवा २५ मार्चला येतोय, तेव्हा उरलासुरला माल झाडून काढू. २०१७ ची गर्दी डोळ्यांपुढं होती.

२४ मार्चला रात्री आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर आले. पाडवा हा लॉकडाऊनचा पहिला दिवस निघाला.

साडेतीन मुहूर्तांतला एक, आणि शोरूमला कुलूप. फाडाचा अंदाज होता, की देशभरात सुमारे सात लाख बीएस-चार दुचाकी अडकल्या. २७ मार्चला कोर्टानं थोडी दया दाखवली. दिल्ली परिसर सोडून, लॉकडाऊन उठल्यावर दहा दिवसांत, उरलेल्या मालाच्या फक्त दहा टक्के विका म्हणाले. हिशेबानं ते व्हायला हवे होते १ लाख ५ हजार. विकले गेले २ लाख ५५ हजार. कोर्ट भडकलं आणि ८ जुलैला ती सवलतच काढून घेतली.

"दहा टक्के म्हटल्यावर कोण दहावर थांबतंय?" काकू म्हणाल्या. "लग्नात पन्नास माणसांची परवानगी होती, तेव्हा काय पन्नासच जेवली?"

आता खरी गोष्ट. ही मी काकूंच्या परवानगीनं सांगते, काकांच्या नाही.

काकांच्या एजन्सीच्या मालकाला त्या मार्चच्या मध्यावरच वास आला होता, की यंदा काही खरं नाही. रस्त्यावर माणूस कमी दिसायला लागलं होतं. त्यानं डोकं चालवलं. ३१ मार्चनंतर नवी म्हणून विकता येणार नाही ना, मग आत्ताच कुणाच्या तरी नावावर नोंदवून टाकू, आणि पुढं सेकंडहँड म्हणून विकू. मीटरवर शून्य किलोमीटर, कागदावर जुनी. असं त्या वर्षी देशात पुष्कळ ठिकाणी झालं, काही नवल नाही. मालकानं स्वतःच्या, बायकोच्या, मेव्हण्याच्या नावावर नोंदवल्या. तरी उरल्या. मग कामावरची माणसं. रोड टॅक्स, विमा सगळं मालकानं भरलं.

काकांच्या नावावर आल्या चार स्कूटर. आणि काका आयुष्यभर लुनावर. तीसुद्धा उतारावर बंद करून पेट्रोल वाचवणारे.

"आरसी बुकं आली तेव्हा मला कळलं," काकू म्हणाल्या. "पोस्टमन म्हणाला, काका, एकदम चार? मी म्हटलं, ह्या वयात हे कुठं जातात एवढ्या गाड्या घेऊन?"

पुढं वर्षभर कुणी ना कुणी त्यांच्या दारात. स्कूटर विकली गेली, की घेणारा फॉर्म २९ आणि ३० घेऊन सहीला यायचा. कवठेमहांकाळहून एक, तासगावहून एक नवरा-बायको, त्यांना काकूंनी चहा केला. घेणाऱ्याचंही वाईट वाटायचं. मालकानं स्वस्तात दिली खरी, पण पहिल्या दिवसापासून तो कागदावर दुसरा मालक. पुढं विकायला काढली, की गिऱ्हाईक पहिलं तेच बघणार.

चौथी स्कूटर पुण्याच्या एका मुलानं घेतली आणि नाव बदलून घ्यायला आलाच नाही. एक दिवस काकांच्या मोबाईलवर ई-चलन. पुण्यात, भर दुपारी, हेल्मेट नाही. मागं एक मुलगी, तिच्याही डोक्यावर नाही. फोटोसकट.

"मी फोटो मोठा करून बघितला," काकू म्हणाल्या. "मुलगी चांगली होती दिसायला."

काकांनी पेपर परत तोंडापुढं धरला.

मधेच भाचा अंगणात आला. इंजिनिअरिंगला आहे, त्याला वाटतं मोठ्यांना जगातलं काही ठाऊक नसतं. तो म्हणाला, हे आपल्याकडंच नाही, जपानात याहून मोठं झालंय. मग त्यानं जे सांगितलं ते काकूंनी मन लावून ऐकलं, कारण ते भांडण शेजाऱ्यांचं होतं. होंडा कंपनी जन्मली हमामात्सु शहरात आणि यामाहा अगदी तिथलीच, लगतच्या इवाता गावची. १९८१ च्या सुमाराला यामाहानं ठरवलं, आता आपण पहिला नंबर घ्यायचा. नवा कारखाना टाकला, गाड्या काढत सुटली. होंडानं उलट दीड वर्षात शंभरावर नवी आणि बदललेली मॉडेलं बाजारात ओतली. महिन्याला सहा-सात. यामाहाची कालची गाडी आज जुनी. १९८३ पर्यंत यामाहाकडं वर्षभर पुरेल एवढा माल पडून होता आणि तिच्या अध्यक्षाला चारचौघांत हार मान्य करावी लागली.

"आणि अमेरिकेत," भाचा म्हणाला, "जपानी गाड्यांचे एवढे ढीग साठले, की हार्ले-डेव्हिडसन सरकारकडं रडत गेली. रेगननी १९८३ मध्ये सातशे सीसीवरच्या परदेशी गाड्यांवर पंचेचाळीस टक्के जादा कर लावला. मग जपान्यांनी काय करावं? साडेसातशेची गाडी सातशेच्या आत बसवून पाठवली."

"भिंतीला भिंत लागून राहणाऱ्यांनी असं वागू नये," काकू म्हणाल्या. एवढंच त्यांनी त्यातून घेतलं आणि मला ते पुरेसं वाटलं.

काकांना मात्र जपान ऐकून राजदूत आठवली. दूधवाल्यांची साधी राजदूत नाही, तिची ती साडेतीनशेची बहीण. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सनं यामाहाचं तंत्र घेऊन आणली, तेव्हा काका नोकरीत नवे होते. दोन सिलिंडर, हँडल जरा पिळलं की माणूस मागं पडायचा. पण पेट्रोल प्यायची आणि आपल्या लोकांनी पहिला प्रश्न विचारायचा तो अॅव्हरेजचा. त्यांच्या दुकानात एक अशी उभी होती, की मालकानं शेवटी तिच्यावर कापड टाकलं आणि वर गणपतीची मूर्ती ठेवली. "आज तीच लोक लाखांत मागतात," काका म्हणाले. पण म्हणून पडून राहिलेली प्रत्येक गाडी पुढं सोनं होते असं कुणी समजू नये. काकांच्याच गोदामातली ती चॉकलेटी शेवटी भंगारवाल्याच्या पुतण्यानं घेतली.

"आणि त्याच्याही आधी," काकू म्हणाल्या, "आमच्या लग्नाच्या वेळी बजाज चेतकला नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची. ज्याचे कुणी परदेशात होते, ते डॉलर भरून लगेच घ्यायचे. आमच्या सासऱ्यांनी नंबर लावला होता, त्यांच्या तेराव्याला पत्र आलं, गाडी घेऊन जा." खरं-खोटं त्यांनाच ठाऊक. पण त्या काळी पडून राहायची ती गिऱ्हाइकं, हे मात्र खरं.

मी म्हटलं, ते सगळं राहू दे, आमच्या ह्या पोपटीचं काय करायचं ते सांगा.

काका उठून भिंतीशी आले. म्हणजे आता खरं काम. "पहिलं सांग, ही २०१९ च्या पुरातली नाही ना?" मग त्यांनीच मान हलवली, तेवढी जुनी नसणार. पण आमच्या सांगलीत हा प्रश्न येतोच. त्या ऑगस्टला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली आणि नदीच्या बाजूच्या दुकानांत, गोदामांत गाड्या हँडलपर्यंत बुडाल्या. पुढं बरेच महिने नवी गाडी बघायला गेलेला माणूस सीट उचलून आत गाळ आहे का बघायचा. वास घ्यायचा.

"चासी नंबर बघ," ते भाच्याला म्हणाले. "सतरा अक्षरांचा असतो. बहुतेक कंपन्या दहाव्या जागी सालाचं अक्षर ठेवतात. २०२३ ला पी, २०२४ ला आर, २०२५ ला एस. पण अक्षरं मोजत बसलास की तो तुला कोड्यात टाकणार. सरळ म्हण, फॉर्म २१ वर कुठला महिना नि कुठलं साल लिहिणार ते आधी दाखवा. तेच पुढं आरसीवर येतं. गाडी तू २०२६ मध्ये घेतलीस म्हणून कुणी ती २०२६ ची म्हणत नाही. चार वर्षांनी विकायला गेलास, की एजंट कार्ड उलटं करून बघतो आणि तुझ्या पंधरा हजारांतले दहा तिथंच काढून घेतो."

"म्हणजे घेऊ नको?"

"विकणार असशील तर नको. झिजेपर्यंत वापरणार असशील तर खुशाल घे. मग साल कुणाला विचारायचंय? पण घ्यायची तशी घे." टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते, ती वाचायला काकांनी शिकवलं. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. एकाच जागी उभ्या गाडीचं टायर खालून चपटतं, रबराला बारीक चिरा जातात, ते वाकून बघायचं, उभ्यानं दिसत नाही. बॅटरीवरही महिना-साल असतं. न वापरता पडून राहिलेली बॅटरी चार्ज केली की शोरूममध्ये स्टार्ट होते आणि पावसाळ्यात रस्त्यात जीव सोडते, तेव्हा ती नवीच मागायची. टाकीत मोबाईलचा उजेड टाकून गंज बघायचा. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल, ते हवेतलं पाणी ओढतं आणि तळाशी थेंबभर पेट्रोल घालून ठेवलेली टाकी आतून कधी लाल झाली ते कळत नाही. डिस्क ब्रेक असेल तर त्यातलं तेलही पाणी धरतं, बदलून मागायचं. आणि सीट उचलून वायरी. गोदामात उंदीर असतातच. "आमच्याकडं एका गाडीत पिल्लं निघाली होती," काका म्हणाले, "गिऱ्हाईक बाई होत्या. डिलिव्हरीचे पेढे तिथंच सांडले."

"वॉरंटी?"

"बिलाच्या तारखेपासून. पण तोंडी नको, लिहून घे."

भाचा हे सगळं मोबाईलमध्ये टिपून गेला आणि दिवेलागणीला परत आला. चेहऱ्यावर अर्धा विजय. गाडी खरोखर गेल्याच्या गेल्या वर्षीची निघाली. त्यानं वाकून टायर वाचलं, तेव्हा सेल्समन गप्प झाला. दहावं अक्षर विचारल्यावर त्यानं मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरनं खुर्ची दिली, चहा दिला आणि विचारलं, "घरात कुणी या लाइनमधलं आहे का?" बॅटरी नवी द्यायचं कबूल झालंय, पुढचं टायर बदलून मिळेल, मागचं नाही. किमतीत आणखी दोन हजार. त्याच्या खाली येत नाही म्हणतो.

"येईल," काका म्हणाले. "महिनाअखेरीला संध्याकाळी जा. त्या वेळी त्याला आकडा पुरा करायचा असतो. तोपर्यंत फिरकू नको. फोन आला तर उचल आणि म्हण, मामी नको म्हणतेय."

"माझं नाव कशाला मधे?" मी म्हटलं.

"असू दे गं," काकू म्हणाल्या. "गाडी खपायची तर कुणाचं तरी नाव लागतंच. ह्यांचं नाही का लागलं, चार-चार स्कूटरींना!"